खरखरीचा इतिहास : सिंहगड ते खोडद

सोसायटीच्या पंचवीस वर्षांतले पाणी, लिफ्ट आणि पार्किंग यांवर इतर मंडळी लिहीत आहेतच. मी एका न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल लिहितो : रेडिओवरची खरखर.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. व्हॉल्व्हचा रेडिओ, गच्चीवर ताणलेली एरियलची तार, पोस्टात भरायचे लायसन्स. शेजारची गिरणी सुरू झाली की बातम्या बुडाल्याच! पुढे १९७३ मध्ये सिंहगडावरून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले आणि खरखर डोळ्यांनाही दिसू लागली. खालून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांच्या रेघा. गंमत अशी, की घाटाकडे निघालेला ट्रक कितीही घरघरला तरी चित्राला धक्का लागत नसे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. पेट्रोल इंजिनाच्या प्लगमध्ये ती पडते, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे रेडिओ स्टेशनच. मार्कोनीचे सुरुवातीचे प्रक्षेपक ठिणगीवरच तर चालत. यावर उपाय निघाला तो टीव्हीत नव्हे, स्कूटरमध्ये : प्लगच्या टोपीत बसवलेला रेझिस्टर. खरखर करणाऱ्यानेच ती जागेवर दाबायची, ही रीत तेव्हापासूनची. आपल्याकडे वाहनांची अशी तपासणी करणारी प्रयोगशाळा कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय संस्थेत आहे.

पण खरखरीशी खरी झुंज आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला चालते. पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, साधारण २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथली शांतता : मोठे शहर जवळ नाही आणि भोवती डोंगरांचा आडोसा. हायड्रोजनचे फार दूरवरून, फार जुन्या काळातून येणारे संदेश इथे ऐकायचे असतात. ते येतात नेमके टीव्ही, एफएम आणि मोबाईल यांच्याच आसपासच्या लहरींवर, आणि इतके क्षीण, की विजेच्या खांबावरचा एखादा सैल इन्सुलेटरही त्यांना झाकून टाकतो. म्हणून तिथे गेल्यावर मोबाईल बंद करायला सांगतात. खुद्द दुर्बिणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रेही धातूच्या पडद्याआड ठेवलेली असतात, कारण खरखर घरचीही असते!

या शांततेची किंमत मात्र आसपासच्या गावांनी मोजली आहे. परिसरात उद्योग आणायचा तर आधी परवानगी, आणि आता पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा नियोजित मार्गही या दुर्बिणीपायी बदलला. जुन्नर-आंबेगावकरांची नाराजी मला समजते. तरीही दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही खरेच.

आणि हे शास्त्र जन्मले कसे? खरखर शोधता शोधता! अमेरिकेतला कार्ल जान्स्की हा इंजिनियर रेडिओ-टेलिफोनमधल्या खरखरीचे कारण शोधत होता. विजांचे कडकडाट वजा केल्यावरही एक सरसर उरलीच. ती आकाशगंगेतून येते, हे त्याने १९३३ मध्ये जाहीर केले.

आता आपल्या इमारतीत येऊ. प्लगच्या ठिणगीची जागा स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांनी घेतली आहे. ते वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. ही धडपड अडवणारा फिल्टर आत हवा, आणि किंमत कमी करताना पहिली कात्री त्यालाच लागते. गाडीत चार्जर लावताच एफएम खरखरला तर आधी चार्जर काढून बघा. तारेवर फेराइटची कडी अडकवूनही पुष्कळ फरक पडतो. घरात मिडियम वेव्ह लावलेला छोटा ट्रान्झिस्टर हातात घेऊन फिरलात, की कोणता दिवा गुन्हेगार आहे ते पाच मिनिटांत कळते.

गच्चीवरचे सोलर आणि खालचे वाहन-चार्जर यांची कोटेशने कमिटी आता मागवणार आहे. त्यात रेडिओ-व्यत्ययाच्या चाचणीचे प्रमाणपत्र जरूर मागावे. पॅनेलच्या धन आणि ऋण तारा शेजारी-शेजारी न्याव्यात, मध्ये मोठे वेटोळे सोडू नये. अर्थिंग तपासून घ्यावे. चार पैसे जास्त लागतील; ते अंदाजपत्रकात आधीच धरलेले बरे.