नाण्यांत रमलेला धनिक : कालूस्त गुल्बेंकियन

नाण्याचे मोल जाणणारे व्यापारी पुष्कळ. त्यातील कला जाणणारे विरळाच. कालूस्त गुल्बेंकियन हे अशा विरळांपैकी एक होत. १८६९ साली इस्तंबूलनजीक उस्कुदार येथे एका आर्मेनियन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इराकच्या खनिज तेलातील पाच टक्के वाट्याने त्यांना अमाप वैभव मिळवून दिले.

बाळपणी बाजारात घेतलेल्या जुन्या नाण्यांपासून त्यांच्या संग्रहाचा आरंभ झाला, असे सांगतात. पुढे प्राचीन ग्रीक नाण्यांनी त्यांचे चित्त वेधले. त्यांत सिसिलीतील सिराक्यूज नगरीची नाणी विशेष मानली जातात. तेथील दहा द्राख्मांच्या रौप्यमुद्रेवर एका बाजूस चार घोड्यांचा रथ, तर दुसऱ्या बाजूस डॉल्फिनांनी वेढलेले देवतामुख आहे. तीवर राजाचे नाव नाही, नगरवासीयांचे आहे. किमोनसारख्या कारागिराने मात्र ठशावर आपले नाव कोरून ठेवले. चोवीसशे वर्षांनंतरही ते वाचता येते.

महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, गुल्बेंकियन लिस्बनला आले आणि १९५५ साली तेथेच निवर्तले. आपला संग्रह विखुरला जाऊ नये, ही त्यांची तळमळ होती. मृत्युपत्रान्वये १९५६ साली न्यास स्थापन झाला. १९६९ साली संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

देवस्थानांच्या भांडारांतही पूर्वजांनी अर्पिलेली जुनी नाणी असतात. ती वितळविण्यापूर्वी एकवार जाणकारास दाखवावीत व त्यांची नोंद ठेवावी. चांदी पुन्हा मिळेल. तीवरील अक्षरे पुन्हा मिळणार नाहीत.