मेरी प्रँक्स्टर्स

अमेरिकन कादंबरीकार केन केसी (१९३५–२००१) याच्याभोवती कॅलिफोर्नियात जमलेला कलावंतांचा फिरता समूह. *वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट* (१९६२) या कादंबरीने केसीला कीर्ती दिली. १९६४ च्या जूनमध्ये हा समूह कॅलिफोर्नियातील ला होंडाहून न्यूयॉर्ककडे निघाला. त्यासाठी १९३९ ची इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची जुनी शाळेची बस घेतली होती. तीत झोपण्याचे फळ्यांचे माच होते. टपावर बसायची सोय केली, आतबाहेर माइक आणि कर्णे बसवले गेले. बाहेरून ती भडक रंगांनी रंगवली आणि तिचे नाव ठेवले ‘फर्दर’. चालक बहुतेक वेळ नील कॅसडी; जॅक केरुॲकच्या *ऑन द रोड* या कादंबरीतील डीन मोरिआर्टी त्याच्यावरूनच बेतलेला. प्रवासाचे चित्रीकरण झाले, पण ध्वनी आणि चित्र यांचा मेळ बसेना. त्या फितींवरून *मॅजिक ट्रिप* हा माहितीपट २०११ मध्ये आला. एलएसडी या भ्रमजनक द्रव्याचे मुक्त सेवन हा समूहाच्या जीवनाचा भाग होता. कॅलिफोर्नियात एलएसडीवर १९६६ मध्ये बंदी आली. लेखक टॉम वुल्फच्या या समूहावरील १९६८ मधील पुस्तकामुळे समूहाचे नाव सर्वदूर पोचले. तरीही त्यांची खरी कलाकृती म्हणजे ती बस व तिच्यातले सहजीवनच होय. मूळ बस पुढे केसीच्या ऑरेगनमधील शेतावर गंजत पडली.