हजेरी आणि आठ आणे

परवा गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एक प्रश्न निघाला. आमच्यातली एकजण काजूच्या कारखान्यात काजू सोलायला जाते. सातवा महिना लागला म्हणून तिने पगारी रजा मागितली, तर मुकादम म्हणाला, "तुझं नाव हजेरीवर कुठाय?" चार वर्षं काम करते, आणि नाव नाही! तिला काय सांगायचं, हे शोधता शोधता आम्ही शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो, थेट मुंबईच्या कापडगिरण्यांत.

तिथे बायका मुख्यतः रीळिंग आणि वायंडिंग खात्यात असायच्या. जेवढं सूत गुंडाळाल तेवढी मजुरी. वर नायकिणीची मर्जी सांभाळायची. 1890च्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवली, दहा हजार माणूस जमला. त्या गर्दीपुढे दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्या काळी! आमच्यातल्या काहीजणी ग्रामसभेत अजून तोंड उघडत नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली.

बाळंतपणाचे हाल मात्र चालूच राहिले. पार दिवस भरेपर्यंत कामावर, आणि बाळंत झाली की पुन्हा कामावर. मागे तान्ह्याने रडू नये म्हणून त्याला बाळगोळी द्यायची. त्या गोळीत अफू असायची. ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. पण त्या आयांना नावं कोण ठेवणार? मूल सांभाळायला माणूस नाही, आणि घरी बसलं तर चूल पेटत नाही.

1928 साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं. आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, आणि बायकांच्या कामातून मालकाला नफा होतो तर त्यानेही भार उचलावा, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. 1929मध्ये कायदा झाला, देशातला असा पहिलाच. बाळंतिणीला दिवसाला आठ आणे. पण त्याच गिरणीत ठरावीक महिने काम झालेलं असण्याची अट होती, आणि पैसे मालकाच्या खिशातून जायचे. मग काही मालक पोटुशी बाई कामावर ठेवायलाच नको म्हणू लागले. मुकादमाचा प्रश्न काही आजचा नाही!

1961मध्ये देशभरासाठी कायदा आला, 12 आठवड्यांची पगारी रजा देणारा. 2017पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. आधी 160 दिवस कामाची अट होती, 1988मध्ये ती 80 वर आली. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरलं की झालं. ठेकेदारामार्फत लागलेली बाईसुद्धा यात येते.

आता हे 80 दिवस दाखवायचे कसे? तिच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे. कामावर गेलेल्या दिवशी लेक त्यावर पेन्सिलीने फुली मारते, मजुरीचा हिशोब चुकू नये म्हणून. आम्ही मोजलं, दोनशेच्या वर फुल्या निघाल्या. तिच्या शेजारी बसून काजू सोलणाऱ्या दोघी साक्ष द्यायला तयार आहेत. बुधवारी ते कॅलेंडर पिशवीत घालून आम्ही पाचजणी कामगार अधिकाऱ्यांकडे जातोय.