राखेखालचा धर्मग्राम

विलायतेत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी सहकुटुंब सुटीसाठी लान्झारोते हे बेट निवडले आणि मलाही आग्रहाने सोबत नेले. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १२५ किलोमीटरांवर, अटलांटिक महासागरातील कॅनरी द्वीपसमूहात हे बेट वसले असून तेथे राज्य स्पेनचे आहे. वाळूत पडून राहणे हा भाच्याच्या मुलांचा स्वभाव नव्हे. पहिल्याच सकाळी आम्ही मांचा ब्लांका गावाजवळून काल्देरा ब्लांका या विझलेल्या ज्वालामुखीची वाट धरली. थिजलेल्या लाव्हाच्या करवतीसारख्या काळ्या खडकांतून बराच वेळ चालल्यावर चढण लागली. माथ्यावर पोहोचताच किलोमीटरभराहून रुंद असे विवर समोर उघडले. भोवती दृष्टी पोहोचेल तेथवर काळे रान पसरले होते.

"फादर आजोबा, ह्याच्या खाली काय आहे?" बारा वर्षांच्या नातीने विचारले.

"गावे आहेत," मी म्हणालो.

त्या गावांची हकीकत आज आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः एका धर्मगुरूमुळे. आंद्रेस लोरेन्झो कुर्बेलो हे यायझा येथील धर्मग्रामाचे प्रमुख होते. १ सप्टेंबर १७३० रोजी रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान तिमानफाया गावाजवळ भूमी दुभंगली आणि पहिल्याच रात्री तिच्यातून एक डोंगर वर आला. कुर्बेलो यांनी लेखणी हाती घेतली. लाव्हा प्रथम पाण्यासारखा वेगाने वाहिला, मग मधासारखा संथ झाला, असे ते नोंदवतात. ७ सप्टेंबरला गडगडाटासह एक प्रचंड खडक भूमीतून वर आला, लाव्हाचा प्रवाह वळला आणि सांता कातालिना हे गाव नष्ट झाले. ऑक्टोबरात नवी मुखे उघडली. २८ ऑक्टोबरला विषारी वाफांनी गुदमरून त्या भागातील गुरे जागच्या जागी कोसळली. पुढे लाव्हा समुद्रास मिळाला आणि किनाऱ्याला मेलेल्या मासळीचा खच पडला. ही नोंद करताना धर्मगुरू कोठेही आकांत करीत नाहीत. दिवस, दिशा, गावाचे नाव, झालेली हानी, एवढेच ते लिहितात. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. लेओपोल्ड फॉन बुख हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ १८१५ साली या बेटावर आला होता. त्याने १८२५ च्या आपल्या ग्रंथात ही रोजनिशी उतरवली, म्हणून ती वाचली.

रोजनिशी डिसेंबर १७३१ मध्ये थांबते. लोकांची आशा संपली होती. कुर्बेलो आपल्या धर्मग्रामस्थांसह ग्रान कानारिया बेटाला निघून गेले. आग मात्र १६ एप्रिल १७३६ पर्यंत, म्हणजे एकूण २०५५ दिवस, धुमसत राहिली. तिने बेटाचा सुमारे चौथा हिस्सा, जवळजवळ २०० चौरस किलोमीटर भूमी, व्यापली.

यायझाच्या शुभ्र चर्चसमोर हे सांगत असता नात मध्येच म्हणाली, "म्हणजे फादर पळून गेले?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. लांडगा दिसताच कळप सोडून पळणाऱ्या मोलकऱ्याचा दाखला तिने प्रवचनात ऐकला असणार. पण कुर्बेलो यांनी कळप सोडला नव्हता, ते कळपाबरोबर चालले होते. सोडली ती जागा. तिथे ते वर्षाहून अधिक काळ राहिले होते, आणि मागे ठेवण्यासारखे जे होते ते त्यांनी कागदावर ठेवले. माझ्याही धर्मग्रामातील कितीतरी घरांना आज कुलपे आहेत. माणसे मुंबईच्या उपनगरांत, आखातात, विलायतेत गेली आहेत. तेथे आग लागली नव्हती. त्या घरांची हकीकत आपण कोठे लिहून ठेवली आहे, हा प्रश्न मला त्या दगडी पायऱ्यांवर बोचू लागला.

मांचा ब्लांका येथे दुःखी मातेचे मंदिर आहे. लाव्हा तिनाहो गावाच्या शेतांवर चालून आला तेव्हा लोकांनी दुःखी मातेची प्रतिमा घेऊन मिरवणूक काढली, मंदिराचा नवस बोलला आणि प्रवाह थांबला, अशी परंपरा आहे. संकट टळल्यावर लोक नवस विसरले, हेही तीच परंपरा प्रांजळपणे सांगते. मंदिर अनेक वर्षांनी झाले. प्रवाह कशाने थांबला याचा निवाडा इतिहासकार करू शकत नाही. आपली विस्मृती लपवून न ठेवणारी ही कथा मला मात्र विश्वासार्ह वाटते.

अखेरच्या दिवशी आम्ही भाड्याच्या सायकलींवरून ला हेरिया खोऱ्यात गेलो. या बेटावर पाऊस अत्यल्प. धान्याची शेते गाडली गेल्यावर शेतकऱ्यांच्या ध्यानात आले की, काळी राख खालच्या मातीतील ओल उडू देत नाही आणि रात्रीचे दवही टिपून धरते. त्यांनी राखेत खोलगट खड्डे खणून मूळ मातीपर्यंत मजल मारली, प्रत्येकात द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूस दगडांची अर्धवर्तुळाकार भिंत रचली. जी राख मरण घेऊन आली, तीच पांघरूण झाली. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थरही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच होय. त्यावर आपण घरे बांधली, चर्चेही बांधली.

नात एका खड्ड्याच्या काठाशी वाकून वेलीकडे पाहत होती. "फादर आजोबा, हे ज्यांनी खणले त्यांची नावे कोणी लिहिली का?" तिने विचारले.

परत आल्यावर मी एक कोरी वही घेतली. पहिल्या पानावर दिनांक घातला आणि चर्चच्या दारापासून पहिल्या बंद घराचे नाव लिहिले.