तळटीप २७ : ‘पोर्ट ५४३२’

एकाच सर्व्हरवर अनेक सेवा चालतात. आलेली विनंती कोणाकडे द्यायची, हे पोर्टच्या क्रमांकावरून ठरते. लिनक्समध्ये नाव आणि क्रमांक यांच्या जोड्या ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘सर्व्हिसेस’ या साध्या मजकुराच्या फायलीत असतात : आधी नाव, मग क्रमांक, तिरकी रेघ आणि टीसीपी किंवा यूडीपी. ५४३२ समोर ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ हा डेटाबेस आहे. फायलीत ओळ घातली की सेवा त्या पोर्टवर सुरू होते, असा लेखकाच्या वाक्याचा सूर आहे. तो बरोबर नाही. ही फाईल म्हणजे नुसती नावांची यादी. सेवा कुठे ऐकते, हे तिच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ठरते आणि बाहेरून वाट मोकळी आहे का, हे फायरवॉलमध्ये. जसे एका तालुक्याचे नाव अक्राणी, कचेरी मात्र धडगावला. पाटी रंगवून कचेरी हलत नाही, तसेच हे. क्रमांकांची जागतिक नोंद ‘आयाना’ ठेवते. १९९८मध्ये निधन होईपर्यंत जॉन पोस्टेल यांनीच ती सांभाळली. नोंदवायच्या नावाला १५ अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. लिनक्सवर १०२४च्या खालचे पोर्ट वापरायला सहसा ‘रूट’चे अधिकार लागतात, ५४३२ला ती अट नाही.