क्युसेक आणि क्युमेक

क्युसेक आणि क्युमेक ही वाहत्या पाण्याचा विसर्ग मोजण्याची दोन एकके आहेत. एका सेकंदात एक घनफूट पाणी पुढे गेले की तो एक क्युसेक आणि एक घनमीटर गेले की एक क्युमेक. घनफुटात सुमारे २८.३२ लिटर पाणी मावते, तर घनमीटरमध्ये १,००० लिटर. त्यामुळे एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक होतात.

कानाला ही नावे सारखीच लागतात, आणि धोका तिथेच आहे. नांदेडजवळ गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले की विसर्गाचा आकडा तासाभरात गावोगाव पोहोचतो. १,००० क्युमेक म्हणजे ३५,३१५ क्युसेक. हाच आकडा कोणी १,००० क्युसेक असा वाचला, तर नदीकाठच्या वस्तीला पुराचा अंदाज पस्तीस पटींनी कमी येतो. पूर-इशाऱ्यात केवळ आकडा देणे म्हणूनच अपुरे. एकक स्पष्ट हवे आणि शक्यतो दोन्ही एककांतील आकडे हवेत.

लातूरच्या अनुभवावरून हा फरक नीट कळतो. एप्रिल २०१६ मध्ये पाणीटंचाईमुळे मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. एक क्युसेकचा प्रवाह जवळपास तेवढे पाणी द्यायला पूर्ण दिवस घेतो, तर एक क्युमेकचा प्रवाह ते ४२ मिनिटांत देतो.

धरणातील साठ्याच्या एककांतही नावांचे असेच साम्य आढळते. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. १,००० दलघफू मिळून एक टीएमसी होतो आणि त्याचे २८.३२ दलघमी भरतात. मराठवाड्यातील साठे बहुधा दलघमीत सांगतात, पश्चिम महाराष्ट्रात टीएमसी रुळला आहे. लातूरची तहान भागवणाऱ्या मांजरा धरणाची उपयुक्त साठवणक्षमता १७६.९६ दलघमी, म्हणजे सुमारे ६.२५ टीएमसी आहे. जायकवाडीची २,१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.६७ टीएमसी आहे.

विसर्गावरून साठा काढताना वेळेने गुणावे लागते. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर चालला तर धरणात एक टीएमसीची भर पडते. एक दलघमीसाठी ११.५७ क्युमेक दिवसभर पुरतात.