तक्रार नाही, म्हणून आजारही नाही?

गोंदिया जिल्ह्याची दक्षिणेकडील हद्द गडचिरोलीला भिडते. जंगल आणि धानाची शेती दोन्हीकडे सारखीच. या शेजारच्या जिल्ह्यातील दोन खेड्यांत १९८० नंतरच्या दशकात एक पाहणी झाली. तिने वैद्यकातील एक जुनी समजूत मोडली.

तोवर खेड्यातील स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरताच होई. गरमी-परमा हे 'गुप्तरोग' शहरातल्या, वाईट चालीच्या माणसांचे, असे मानले जाई. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असलेल्या स्त्रिया तपासल्या, तशा नसलेल्याही तपासल्या. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. पूर्वी तपासणी व उपचार झाले होते फक्त ८ टक्के स्त्रियांचे.

आता थोडे गणित करू. ६५० चे ९२ टक्के म्हणजे ५९८. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ३५८. या सर्व जणी आजारी होत्या असे धरले, तरी निदान २४० स्त्रिया तक्रार नसताना आजारी होत्या! दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहणाऱ्याला त्या कधीच दिसल्या नसत्या.

मात्र हे सर्वच संसर्ग लैंगिक संबंधातून आलेले नसतात. बुरशीमुळेही अंगावर पांढरे जाते. म्हणून अशा स्त्रीच्या चारित्र्यावर शंका घेणे अशास्त्रीय आहे.

१९९४ च्या कैरो परिषदेने प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार मान्य केला. १९९७ मध्ये भारतात प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

जननेंद्रियावर व्रण वा फोड, लघवीला जळजळ, पू किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात दुखणे, जांघेत गाठ ही लक्षणे ओळखावीत. उपदंशाचा व्रण बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरतो. रोग मात्र शरीरात राहतो. उपदंश, परमा यांसारखे जिवाणुजन्य आजार योग्य प्रतिजैविकांनी बरे होतात. नागीणवर्गीय विषाणूचा जननेंद्रियांचा आजार आणि एचआयव्ही औषधांनी आटोक्यात राहतात. हिपॅटायटिस-बी आणि एचपीव्ही यांवर प्रतिबंधक लस आहे. निरोधमुळे धोका पुष्कळ कमी होतो. जोडीदाराची तपासणी व गरजेप्रमाणे उपचार झाले नाहीत, तर संसर्ग पुन्हा होतो. औषध अर्धवट सोडू नये. शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये यासाठी मोफत सल्ला व उपचार मिळतात.

शिक्षकांनी वरचे गणित वर्गात जरूर घालावे. प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडला, तर त्या २४० जणींच्या मौनात आपणही भर घालतो.